इनइअर इअरफोनचा ग्राफ किती खरा मानायचा?

दोन वर्षांपूर्वी एका इअरफोनच्या ग्राफवर, म्हणजे कुठला स्वर किती मोठा वाजतो ते दाखवणाऱ्या रेघेत, मला ८ किलोहर्ट्झला एक टोकदार सुळका दिसला. म्हटलं, सापडला चोर. भजनातले टाळ कानात टोचतात ते याच्याचमुळे. लगेच ईक्यू (हव्या त्या पट्ट्याचा आवाज कमीजास्त करायची सोय) उघडला, ८ किलोहर्ट्झला ६ डेसिबल कापले आणि तेच भजन पुन्हा लावलं. टोचणं होतं तसंच होतं, वर टाळांचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा झाला. दोन दिवस आकडे खालीवर करत बसलो. शेवटी साधा टोन जनरेटर लावून स्वर सावकाश चढवत नेला, तेव्हा लक्षात आलं की माझ्या कानात तो सुळका ८ ला नव्हताच. पावणेसातच्या आसपास होता. ८ चा सुळका मोजणाऱ्याच्या टेबलावरच्या धातूच्या नळीत तयार झाला होता, आणि मी तो माझ्या कानातून कापत बसलो होतो.

मोजणाऱ्याने चूक केली नव्हती. ग्राफमधला कुठला भाग इअरफोनचा, कुठला नळीचा आणि कुठला रबरी टिप बसवणाऱ्याच्या हाताचा, हे मला वेगळं करता येत नव्हतं. ते कसं करायचं, आधी दुसऱ्याच्या ग्राफवर आणि मग घरी स्वतः मोजून, ते खाली पायरीपायरीने लिहितो.

आधी ती नळी

खोलीतला स्पीकर मोजायचा तर माइक समोर उभा केला की झालं. इअरफोन तसा मोजता येत नाही. उघड्या माइकसमोर धरला तर बास, म्हणजे खालचा खर्जाचा आवाज, गायबच होतो, कारण इअरफोन कानात बसल्यावर टिप आणि पडदा यांच्यामध्ये जी इवलीशी बंद हवा उरते, तिच्यावर दाब टाकूनच तो बास निर्माण करतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब आणि ७ मिलिमीटर रुंद. त्यातला बाहेरचा भाग टिपने अडवला की उरते ती हवा चिमूटभर. शिवाय कानाचा पडदा म्हणजे भिंत नव्हे, काही ध्वनी तो स्वतःच शोषून घेतो. हे सगळं नक्कल करणाऱ्या यंत्राला कपलर म्हणतात.

अमेरिकेतल्या सिराक्यूजमध्ये झ्विस्लॉकी या संशोधकांनी १९७० च्या सुमारास असा कृत्रिम कान बनवला. १९७२ मध्ये नोल्स कंपनीचा केमार हा पुतळा आला, तोही मुख्यतः हिअरिंग एडच्या कामासाठी. १९८१ मध्ये आयईसी ७११ हे मानक ठरलं. २०१० पासून त्याचा क्रमांक आयईसी ६०३१८-४ असा आहे, पण सगळे अजून ‘सातशे अकरा’च म्हणतात. तुम्ही पाहिलेले बहुतेक ग्राफ याच जातीच्या कपलरवरचे असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. हे मानक माणसाच्या कानाची नक्कल म्हणून १०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ एवढ्याच पट्ट्याची हमी देतं. त्याच्या खाली आणि वर यंत्र मोजतं, आकडा देतं, पण तो कानासारखा असेल असा त्याचा दावाच नाही. इकडे खोक्यावर सोनेरी हाय-रेसचा शिक्का असतो, आणि त्यासाठी ४० किलोहर्ट्झपर्यंतची मजल लागते. खोक्यावरच्या ‘२० ते २०,००० हर्ट्झ’बद्दल तर बोलायलाच नको. किती डेसिबलच्या फरकात ते सांगितलं नसेल, तर त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही.

पायरी १: यंत्र कुठलं ते शोधा

ग्राफ बघण्याआधी त्याच्या खाली किंवा माहितीच्या पानावर कपलरचं नाव शोधा. साधारण तीन गट पडतात. एक, डेन्मार्कच्या ग्रास किंवा ब्रुएल अँड केअर यांचे अस्सल ७११ कपलर. दोन, त्यांच्या चिनी नकला. हौशी मंडळींकडे बहुधा याच असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझ्याकडेही नक्कलच आहे. तीन, ब्रुएल अँड केअरचा ५१२८ हा नवा पुतळा. याच्या कानाची नळी अनेक माणसांच्या एमआरआय स्कॅनवरून घडवली आहे, सरळ धातूच्या नळीऐवजी वळणदार आहे आणि वरच्या पट्ट्यात माणसाच्या कानाच्या जास्त जवळ जाते.

एक ग्राफ ७११ चा आणि दुसरा ५१२८ चा असेल तर ते एकमेकांवर ठेवून ‘याचा बास त्याच्यापेक्षा कमी’ असं म्हणू नका. दोन्ही यंत्रांतला फरक ठरावीक असता तर वजा करून मोकळे झालो असतो. तो इअरफोनागणिक बदलतो, कारण इअरफोनच्या आतली रचना आणि समोरच्या कानाचा विरोध मिळून उत्तर ठरतं. हार्मन या ऑडिओ कंपनीचं २०१९ चं इनइअर टार्गेटही, म्हणजे लोकांना आवडेल अशी नमुन्याची रेघ, ७११ च्या दुनियेत घडलेलं आहे. शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी लोकांना ऐकवून, त्यांच्या आवडीनिवडी नोंदवून ते ठरवलं. तीच रेघ ५१२८ च्या ग्राफवर जशीच्या तशी टाकून जो निकाल लावतो, तो मीटर आणि फूट मिसळून पडद्याचं कापड आणायला निघालाय.

यंत्राचं नावच दिलेलं नसेल तर? कंपनीच्या जाहिरातीतला ग्राफ बऱ्याचदा असाच असतो. तो मी सजावट म्हणून बघतो.

पायरी २: पहिला उंच सुळका कुठे आहे?

टिपचं तोंड आणि माइकचा पडदा यांच्यामध्ये नळीचा एक बंद तुकडा तयार होतो. या तुकड्याच्या लांबीच्या दुप्पट ज्या ध्वनीची तरंगलांबी, तो ध्वनी त्यात घुमतो. गणित शाळेतलंच आहे: ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं. लांबी २१.४ मिलिमीटर असेल तर घुमण्याची जागा येते ८ किलोहर्ट्झ.

आता टिप फक्त २ मिलिमीटर आत ढकला. लांबी १९.४, सुळका ८.८ किलोहर्ट्झला. २ मिलिमीटर बाहेर ओढा. लांबी २३.४, सुळका ७.३ ला. दोन मिलिमीटर म्हणजे किती? एक टिप काढून दुसऱ्या मापाची घातली तरी एवढा फरक सहज पडतो. म्हणजे इअरफोन तोच, यंत्र तेच, माणूस तोच, आणि सुळका मात्र दीड किलोहर्ट्झ इकडून तिकडे.

म्हणून जाणती मंडळी एक शिस्त पाळतात: टिप किती आत घालायची ते सुळका ८ किलोहर्ट्झला येईल असं जुळवून ठरवायचं. सगळे इअरफोन सारख्याच खोलीवर मोजले गेले तर निदान तुलना तरी न्याय्य होते. त्याची किंमत अशी की ज्याच्या त्याच्या ग्राफवर ८ ला सुळका दिसतो, आणि माझ्यासारखा नवखा त्याला इअरफोनचा दोष समजतो. (इटिमोटिकच्या ईआर४ सारखे खोल बसणारे इअरफोन या शिस्तीत नीट बसतच नाहीत. ते कानात इतके आत जातात की घुमण्याची जागा बरीच वर सरकते.)

तर ग्राफ उघडला की आधी ७ ते ९ किलोहर्ट्झच्या दरम्यानचा सुळका शोधा आणि मनातल्या मनात त्यावर काट मारा. त्याची उंची थोडीफार इअरफोनची असते, जागा मात्र नळीची.

पायरी ३: रेघ कोणत्या चष्म्यातून काढली आहे?

इथे चार गोष्टी पटापट तपासायच्या.

ग्राफ कच्चा आहे की टार्गेट वजा केलेला? कच्च्या ग्राफमध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास टेकडी असायलाच हवी, कारण उघड्या कानाची नळी तिथे स्वतःच आवाज वाढवते आणि आपला मेंदू त्याला जन्मापासून सरावलेला आहे. ती टेकडी बघून ‘मिड्स (मधला पट्टा) फारच पुढे’ म्हणणं म्हणजे सगळ्यांना नाक असतं याची तक्रार करणं. वजा केलेला असेल तर काय वजा केलं ते बघा. हार्मन, डिफ्यूज फील्ड (चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजावरून काढलेली रेघ) की मोजणाऱ्याची स्वतःची आवड?

रेघ किती गुळगुळीत केली आहे? एक तृतीयांश ऑक्टेव्हने केली असेल, म्हणजे सप्तकाच्या तेवढ्या तुकड्याची सरासरी काढली असेल, तर बारीक सुळके विरघळून जातात आणि भिकार इअरफोनही सालस दिसतो. एक चोविसांश किंवा एक अठ्ठेचाळिसांश असेल तर त्याच इअरफोनच्या अंगावर काटे उभे राहतात.

उभी पट्टी किती डेसिबलची आहे? १०० डेसिबलच्या उंचीत कोंबलेली कुठलीही रेघ पठारासारखी सपाट दिसते. तीच ३० मध्ये ताणली की सह्याद्री.

आणि रेघा कुठे एकत्र बांधल्या आहेत, म्हणजे कुठल्या जागी सगळ्या एकाच उंचीवर आणल्या आहेत? १ किलोहर्ट्झला बांधल्या आणि त्यातल्या एका इअरफोनला नेमका तिथेच खड्डा असला, तर त्याची पूर्ण रेघ वर उचलली जाते आणि त्याचा बास उगाच दांडगा वाटतो. शंका आली तर तुलनेच्या पानावर ती जागा ५०० हर्ट्झला हलवून बघा.

पायरी ४: पट्ट्यापट्ट्याने विश्वास ठेवा

संपूर्ण ग्राफवर एकच विश्वास ठेवायचा नसतो, हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

१०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ डोळे मिटून माना. ढोलकीच्या धुमीचं अंग, तबल्याच्या डग्ग्याचा गोळा, पुरुष आवाजाची छाती, सगळं या भागात. इथे दोन चांगल्या मोजणाऱ्यांचे ग्राफ जवळपास एकमेकांवर बसतात. नाही बसले तर कुणाच्या तरी टिपमधून हवा गळत होती किंवा दोन नग वेगळे होते.

१ ते ५ किलोहर्ट्झसुद्धा बराच विश्वासाचा. गाण्यातला माणूस इथेच राहतो. हार्मोनियमची धार, सुरांमधले शब्द, सतारीची तार. या भागात एक-दोन डेसिबलचे फरक सोडून द्यायचे, तीन-चारचे गांभीर्याने घ्यायचे.

१०० हर्ट्झच्या खाली कपलरवर मिळतो तो बास म्हणजे तुम्हाला मिळू शकणारा जास्तीत जास्त बास. धातूच्या गोल भोकात गोल टिप घट्ट बसते. तुमचा कान ना गोल आहे ना स्थिर. जबडा हलला तरी त्याचा आकार बदलतो. टिपच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी खालचा सगळा दाब तिथून निसटतो आणि बास आकड्यांच्या कितीतरी खाली येतो.

५ ते १० किलोहर्ट्झ कच्च्या लिंबासारखा. पिळला तर थोडं निघतं. साधारण उतार कळतो, एखाद्या अमुक सुळक्यावर पैज लावू नये.

१० च्या वर ७११ चा ग्राफ पंचांगातल्या पर्जन्ययोगाइतका मानावा. त्या कपलरची स्वतःची घुमण्याची जागा १३.५ किलोहर्ट्झच्या आसपास आहे, नकलांमध्ये तिचा आकार आणखी बिघडतो. ‘१४ किलोहर्ट्झला काय सुंदर हवा आहे’ असं कुणी ग्राफकडे बोट दाखवून म्हणालं तर हसून मान डोलवायची.

पायरी ५: घरी मोजून बघा

हे करायलाच हवं असं नाही. पण एकदा स्वतः मोजलं की दुसऱ्याच्या ग्राफकडे बघायची नजर कायमची बदलते.

सामान फार नाही. ७११ ची नक्कल, माइकची इनपुट असलेलं छोटं यूएसबी साउंडकार्ड, कमी विद्युत अवरोधाचा डोंगल (इअरफोन जोडायचा छोटा यूएसबी तुकडा), लॅपटॉप आणि त्यात आरईडब्ल्यू म्हणजे रूम ईक्यू विझर्ड, जे फुकट मिळतं. कपलरला चालायला किती व्होल्टेज लागतं ते घेण्याआधी विचारा. काही साध्या माइक जॅकवर चालतात, काहींना ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकच्या तारेतूनच दिलेली वीज, लागतो. मी न विचारता मागवला, मग पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन दुसरं साउंडकार्ड शोधत फिरलो.

लॅपटॉपमध्ये पहिलं काम: आवाजाच्या सेटिंगमधल्या सगळ्या ‘सुधारणा’ बंद करा. विशेषतः माइकचा आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय. ती चालू राहिली तर ती आपल्या परीने सगळं सपाट करत बसते आणि तुम्हाला वाटतं, काय अप्रतिम इअरफोन आहे. घ्यायची आणि द्यायची दोन्ही बाजू ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. मग साउंडकार्डचं आउटपुट, आवाज अगदी बारीक ठेवून, त्याच्याच इनपुटला जोडून एक माप घ्या. कार्ड स्वतः किती वाकडं आहे ते कळतं आणि आरईडब्ल्यू पुढच्या मापांतून तेवढं वजा करतं. कपलरबरोबर कॅलिब्रेशनची फाइल आली असेल तर तीही घाला.

आता टिप बसवा. सरळ, तिरकी नको. इअरफोन हातात धरून मोजायचा नाही. हात थरथरतो आणि दाब बदलत राहतो. भिंतीला कागद चिकटवायची मऊ पुटी मिळते, तिच्या गोळ्यावर टेकवून ठेवा, पण इअरफोनच्या अंगावरचं ते सुईएवढं भोक झाकू नका. बऱ्याच डायनॅमिक ड्रायव्हरचा (इअरफोनमधल्या पडदा हलवणाऱ्या छोट्या स्पीकरचा) बास त्या भोकावरच ठरवलेला असतो. मी पहिल्या आठवड्यात एका इअरफोनचा बास इतरांपेक्षा ५ डेसिबल जास्त मोजला आणि खूश झालो. भोकावर पुटीचा तुकडा होता.

स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा स्वर, २० ते २०,००० हर्ट्झ, लांबी २५६के. ४८ किलोहर्ट्झवर तो साधारण साडेपाच सेकंद चालतो. पंखा बंद. लॅपटॉपचा चार्जर काढलेला. ग्राफवर ५०, १००, १५० हर्ट्झला बारीक खुंट्या दिसल्या तर तो बास नाही, घरातल्या विजेची गुणगुण आहे. रात्री अकरानंतर मोजलं की खालचा भाग लख्ख येतो. दिवसा गल्लीतून टेम्पो गेला की २० ते ४० हर्ट्झमध्ये त्याची नोंद होते.

पहिलं माप आलं की इअरफोन बोटाने हलकेच आत दाबून पुन्हा मोजा. बास वाढला तर हवा गळत होती. टिप बदला. गळती थांबली की खोली अशी जुळवा की सुळका ८ किलोहर्ट्झला येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक लोक गाळतात ते. इअरफोन पूर्ण बाहेर काढा. पुन्हा घाला. मोजा. असं पाचदा करा, आणि गुळगुळीत न करता पाचही रेघा एकमेकांवर टाका. ज्या भागात त्या एका जाड रेघेसारख्या दिसतात, तिथे तुमचं माप बोलतं. जिथे त्या सुटलेल्या दोऱ्यांसारख्या पसरतात, तिथे तुमचा हात बोलतो. माझ्या टेबलावर ५ किलोहर्ट्झच्या खाली पसारा एका डेसिबलच्या आत राहिला तरच मी ते माप ठेवतो. ८ च्या वर पसारा असतोच. त्यावर रागवायचं नाही, फक्त त्या भागाबद्दल कुणाला सांगायचं नाही. पाचांची सरासरी काढून तीच जपून ठेवा. फाइलच्या नावात टिपचं नाव आणि माप लिहा. तीन महिन्यांनी ‘माप-२-नवीन-अंतिम’ म्हणजे काय होतं ते ब्रह्मदेवालाही आठवणार नाही.

तुमचं कपलर किती खरं बोलतं ते बघायचं असेल तर तुमच्याकडचा असा इअरफोन निवडा, जो क्रिनॅकलसारख्या, इंटरनेटवर ग्राफ टाकणाऱ्या आणि खूप मोजणाऱ्या माणसाने मोजलेला आहे. त्याची रेघ आणि तुमची रेघ यांचा फरक काढा. असे तीन-चार इअरफोन घेतले आणि प्रत्येकात फरक त्याच जागी, त्याच दिशेने आला तर तो तुमच्या कपलरचा स्वभाव. दर वेळी वेगळा आला तर नगांमधला फरक, टिप किंवा हात. एकाच इअरफोनवरून निष्कर्ष काढू नका. कारखान्यातून निघालेले दोन नग जुळे भाऊ असतीलच असं नाही.

पायरी ६: गाणं कशातून वाजतंय?

एकाच इअरफोनचे दोन प्रामाणिक ग्राफ वेगळे येण्याचं एक कारण कानाबाहेर असतं. बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनचा विद्युत अवरोध सगळीकडे सारखा नसतो. समजा एका जागी तो १० ओहम आणि दुसऱ्या जागी ४० ओहम आहे. वाजवणाऱ्या यंत्राचा स्वतःचा अवरोध जवळजवळ शून्य असेल तर काही बिघडत नाही. तो १० ओहम असला तर पहिल्या जागी ६ डेसिबल गळतात, दुसऱ्या जागी साधारण १.९. म्हणजे ग्राफचा आकारच ४ डेसिबलनी बदलला, आणि इअरफोनला कुणी हातही लावला नाही.

मोजणाऱ्याने कमी अवरोधाच्या डोंगलवर मोजलं आणि तुम्ही जुन्या लॅपटॉपच्या जॅकमधून किंवा एखाद्या मिक्सरमधून ऐकताय, तर त्याचा ग्राफ तुमच्यासाठी नाही. प्लॅनर जातीच्या ड्रायव्हरचा अवरोध सपाट असतो, त्यांना याची फारशी बाधा होत नाही.

पायरी ७: शेवटचं माप स्वतःच्या कानात

इथे यंत्र लागत नाही. फोनवर टोन जनरेटर लावा आणि आवाज कमी ठेवा, हे गमतीने सांगत नाही. ७-८ किलोहर्ट्झचा सलग स्वर मोठ्याने ऐकणं कानाला घातक आहे आणि तो जेवढा असतो त्यापेक्षा कमी जाणवतो.

आधी बास. ३० ते ४० हर्ट्झचा स्वर लावा आणि दोन्ही इअरफोन बोटांनी हळूच दाबा. गुरगुर एकदम वाढली तर तुमची टिप लहान आहे. एक कान वाढला आणि दुसरा नाही, असंही होतं. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाच्या टिपा घालण्यात काही कमीपणा नाही. माझ्या उजव्या कानात मधली, डाव्यात मोठी आहे.

मग वरचा सुळका. ५ पासून १० किलोहर्ट्झपर्यंत सावकाश चढा, एका वेळी एकाच कानात. कुठेतरी स्वर एकदम पुढे येऊन टोचेल. तो आकडा लिहून ठेवा. तिथेच थांबून इअरफोन किंचित आत ढकला. टोचणारी जागा वर सरकली तर ती तुमच्या कानाच्या नळीची. जागची हलली नाही तर ती इअरफोनची, ड्रायव्हरची किंवा नोझलची (टिप जिच्यावर बसते त्या तोंडाची). ही एक चाचणी मला हजार ग्राफांपेक्षा जास्त उपयोगी पडली. ईक्यू करायचा तर याच आकड्यावर करा, ३-४ डेसिबलपासून सुरुवात करून. ग्राफवरचा ८ विसरा.

एकूण रंग जोखायला मी तंबोरा वापरतो. तंबोऱ्याचं ॲप लावून पाच मिनिटं नुसतं ऐकत बसायचं. स्वर स्थिर, जवारीतून एकामागून एक ओव्हरटोन उमलत राहतात. कुठल्याही पट्ट्यात फुगा असेल तर त्यातला एकच ओव्हरटोन घोळक्यातून डोकं वर काढतो आणि तिथेच रेंगाळतो. इअरफोन जरा फिरवला, टिप बदलली की डोकं वर काढणारा दुसराच असतो. गाण्यात ही गोष्ट चटकन सापडत नाही, कारण गाणं पुढे निघून जातं.

बिनतारी इअरफोनांबद्दल थोडं

इथे ग्राफ आणखी जपून घ्या. नॉइज कॅन्सलिंग चालू असताना आणि बंद असताना रेघ वेगळी येऊ शकते, म्हणून ग्राफ कुठल्या अवस्थेतला ते बघा. काही इअरफोनांत आतल्या बाजूला माइक असतो, तो तुमच्या कानात टिप कशी बसली ते ओळखून आवाज दुरुस्त करतो. असा इअरफोन कपलरमध्ये घातला की तो कपलरला कान समजून दुरुस्ती करतो. काही इअरफोन आवाज कमी केला की बास आपोआप वाढवतात, तेव्हा कोणत्या आवाजावर मोजलं यावर निकाल ठरतो. स्वीपच्या शुद्ध स्वराला आतला प्रोसेसर विचित्र वागवतो अशी शंका आली तर पिंक नॉइजने (सगळे स्वर एकदम असलेल्या खळखळाटाने) पुन्हा मोजून बघा. दोन्ही रेघा जुळल्या तर पुढे जा.

ड्रायव्हर गेला म्हणण्याआधी

डावं-उजवं जुळत नसेल तर ग्राफ, कपलर, कंपनी यांच्यावर घसरण्याआधी नोझलची जाळी बघा. भिंग आणि मोबाइलची टॉर्च पुरे. कानातला मळ जाळीवर बसला की आधी वरचा आवाज मंदावतो, मग हळूहळू ती बाजूच बारीक होते. पावसाळ्यात तर मळाचीही गरज नसते. गेल्या जुलैमध्ये माझ्या उजव्या बाजूचा आवाज ३ किलोहर्ट्झपासून वर घसरलेला दिसला. पाचदा मोजला, पाचही वेळा तसाच. रेघा इतक्या नीट एकमेकांवर बसल्या होत्या की ड्रायव्हर गेला म्हणून मी पावतीही शोधून ठेवली. मग टॉर्चखाली जाळीच्या तारांत ओलावा चमकताना दिसला. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या एका स्टीलच्या डबीत टाकल्या, इअरफोन त्यात ठेवून झाकण लावलं. सकाळी पुन्हा मोजलं, उजवी रेघ डावीवर जाऊन बसली होती.